मागच्या काचेवर लोंबलेलं कापड

"फक्त दिसायला नीट करा. रविवारी गाडी बघायला माणूस येतोय," समीर बोरकर म्हणाला.

गाडी त्याच्या वडिलांची. जुनी हॅचबॅक, पण नीट ठेवलेली. छताचं कापड मागच्या बाजूला झोळीसारखं लोंबलं होतं, मागची काच निम्मी झाकली होती. बंपर एका कोपऱ्यात चेपला होता.

बिबवेवाडीत माझं सीट कव्हर आणि लायनिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी हे कापड मीच लावलं होतं.

झालं होतं असं. बोरकर काका सोसायटीत गाडी रिव्हर्स घेत होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कापड एकदम खाली आलं, आरशात काही दिसेना, आणि गाडी खांबाला लागली. समीरला हे पटलं नव्हतं. तो राहतो वाघोलीला, आईवडील इकडे. काकूंना फिजिओथेरपीला काकाच गाडीने न्यायचे. बाबांची नजर गेली, गाडी विकायची, काकूंना कॅबने पाठवायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"एका वर्षात नवं कापड आपोआप पडतं का?" त्याने मला विचारलं. "बाबा आधी धडकले, त्या धक्क्याने कापड सुटलं. होऊ शकतं ना असं?"

काका बाजूला उभे होते. माझ्याकडे बघत होते.

"होऊ शकतं," मी म्हणालो.

काकांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

आता कामाबद्दल थोडं सांगतो. छताच्या कापडामागे पातळ फोम असतो. वर्षानुवर्षं उन्हात तापून त्याची पावडर होते आणि कापड सुटतं. मग हँडल, दिवा, सन व्हायजर खोलून छताचा अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. जुना फोम ब्रशने घासून पार साफ करायचा. मग उष्णतेला टिकणारं सोल्यूशन, म्हणजे आमचा गोंद, मारायचं आणि नवं कापड बसवायचं. यात घासणं सगळ्यात कंटाळवाणं. पावडर नाकातोंडात जाते. आणि एकदा कापड बसलं की खाली घासलंय की नाही, कुणाला कळत नाही.

गेल्या वर्षी त्या दिवशी मला एका साखरपुड्याला साताऱ्याला निघायचं होतं. पुढचा अर्धा बोर्ड मी नीट घासला. मागच्या अर्ध्यावर नुसतं फडकं फिरवलं आणि सोल्यूशन मारून मोकळा झालो.

बोर्ड काढला तेव्हा सगळं समोर आलं. पुढचं कापड ओढूनही निघेना. मागचं हातात आलं, आणि त्याच्या पाठीवर तपकिरी पावडरीचा थर. सोल्यूशनने पावडर धरली होती, बोर्ड धरलाच नव्हता. कापड धक्क्याने सुटलेलं नव्हतं. उन्हाने सुटलं होतं, आणि काका म्हणत होते तसंच पडलं होतं.

या वेळी बोर्ड कडेपासून कडेपर्यंत घासला. ते जुनं कापड कचऱ्यात टाकायला दोनदा उचललं आणि दोन्ही वेळा परत ठेवलं.

शनिवारी दोघं गाडी न्यायला आले. काका सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, थांबले, आणि वळसा घालून पलीकडे बसायला निघाले.

"काका, जरा थांबा," मी म्हणालो. कापड आणून दोघांसमोर उलटं धरलं आणि सगळं सांगितलं. साखरपुड्यासकट.

समीरचा चेहरा उतरला. मग तो भडकला. "अहो, मग परवा का नाही बोललात? मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं!"

"दुकानाचं नाव जाईल म्हणून."

"आणि माझं गाडी चालवणं गेलं असतं, ते चाललं असतं तुम्हाला?" काका म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता.

मी कापड खाली ठेवलं.

समीरने फोन खिशात टाकला. वडिलांची माफी वगैरे त्याने मागितली नाही. म्हणाला, "बाबा, गाडी मागे घ्या. मी बाहेर उभा राहून सांगतो."

"आत बस. रस्ता मला दिसतोय."

आमची गल्ली अरुंद, त्यात एका बाजूला टेम्पो उभा. काकांनी सावकाश, एकाच दमात गाडी रिव्हर्समध्ये मेन रोडपर्यंत नेली. मला हात वगैरे केला नाही.

गाडी विकली नाही, असं त्यांच्या सोसायटीतल्या एका गिऱ्हाइकाकडून पुढे कळलं. समीरने माझ्या दुकानाबद्दल ऑनलाइन लिहिलं. एक स्टार. लिहिलेलं सगळं खरं होतं, त्यामुळे उत्तर दिलं नाही.

आता मी एक नियम केलाय. बोर्ड घासून झाला की गिऱ्हाइकाला बोलवून दाखवायचा, मगच कापड लावायचं. बहुतेक जण वैतागतात. "अहो, रिकाम्या बोर्डात काय बघायचं?" म्हणतात.

मी म्हणतो, हात फिरवा आणि बोटाला काही लागतंय का ते सांगा.