आप्पा आणि ओला मका

मक्याचं एक पान तोडायचं, गालाला लावायचं, डोळे मिटायचे आणि समोरच्याला ताटकळत ठेवून म्हणायचं, "आजून दोन दिस." आप्पांचं हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी तेव्हा एका दूध संस्थेत सुपरवायझर होतो. निपाणीकडच्या गावांत फिरून लोकांना मुरघास शिकवायचा, हे माझं काम. हिरवा मका बारीक कापून खड्ड्यात दाबून भरायचा, त्याला हवा लागू द्यायची नाही, म्हणजे उन्हाळ्यात म्हशींना ओला चारा मिळतो. खरी मेख आहे ती मका कधी कापायचा यात. फार ओला कापला तर पाणी सुटून सडतो, फार वाळू दिला तर नीट दबत नाही आणि बुरशी धरते. कापलेल्या मक्याची मूठभर कुट्टी घट्ट दाबून बघावी. पाणी गळू नये, गोळा झटकन फुटू नये, सावकाश सुटावा. शेंबडं पोरही शिकेल एवढं सोपं.

आप्पा शिकले नाहीत. त्यांचा जन्म तंबाखूत गेलेला. तंबाखूचं वाळलेलं पान उन्हात हाताळलं तर त्याचा चुरा होतो, म्हणून इकडचे लोक भल्या सकाळी, दहिवर पडून पान मऊ झालं की शिवारात जातात. आप्पा मकाही त्याच वेळी बघायचे. दहिवरात भिजलेलं पान ओलं लागणार नाही तर काय? मी म्हणायचो, आप्पा, दुपारी बघा.

"दुपारच्याला पान खोटं बोलतंय, सायेब," ते म्हणायचे.

मग मी कुट्टी करून त्यांच्या हातात द्यायचो. दाबायची सोडून ते ती हुंगायचे आणि अंगठ्याने तळहातावर मळायचे. आता चुना मागतात की काय, असं वाटायचं.

पहिल्या वर्षी दोन दिवसांवर आणखी दोन दिवस करत त्यांनी मका पार खडखडीत केला. पानं वाऱ्यावर वाजायला लागली तेव्हा म्हणाले, आता आलं बघा. उन्हाळ्यात खड्डा उघडला तर आत पांढरी बुरशी. म्हशी वास घेऊन तोंड फिरवायच्या. मुलगा फौजेत, त्याचे पैसे येतील तेव्हा येतील. घर चालायचं ते सुनेवर आणि तिच्या दोन म्हशींच्या दुधावर. चाऱ्यावाचून त्यातली एक संकेश्वरच्या बाजारात विकावी लागली. दावं दुसऱ्याच्या हातात देताना सून रडली. आप्पा म्हणाले, खड्डाच नीट नव्हता. खड्डा मी आखून दिला होता. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? बरं, रागही धरता यायचा नाही. चहा न घेता त्यांच्या दारावरून गेलो तर तेच रुसून बसायचे.

दुसऱ्या वर्षी मका भरात आला आणि नेमकं आप्पांना बेळगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. छातीचं दुखणं होतं. मी बेळगावातच, खासबागेत राहायचो, म्हणून संध्याकाळी बघून यायचो. धड बसवत नव्हतं, पण विचारायचे ते मक्याचंच. मी सांगितलं, दाणा भरलाय, आता थांबलात तर उरलेली म्हैसही जाईल.

"सुनंला म्हणावं, मी आल्याबिगर इळा लावायचा न्हाय."

मी हात टेकले. ती सासऱ्याच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती.

एका रविवारी दुपारी मी तिथे बसलेला असताना ती आली. येताना ओल्या फडक्यात मूठभर कुट्टी बांधून आणली होती. ती तिने आप्पांच्या हातावर ठेवली. त्यांची बोटं मिटेनात. मी मदतीला पुढे झालो, तर तिने मला डोळ्यांनीच थांबवलं. आप्पांनी हात कसाबसा गालापर्यंत नेला आणि डोळे मिटले.

"आजून ओल हाय. मी आल्यावर बघू."

"व्हय मामंजी," ती म्हणाली. "तुमी या, मग तोडू."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी तिच्यावर उखडलो. एक म्हैस गेली, आता दुसरीही घालवणार का, म्हणालो. ती फडक्याची घडी करत होती.

"मका कालच तोडला, सायेब. खड्डा भरून वरनं माती बी लिपली."

मग हे नाटक कशाला, मी विचारलं.

"मका हुबा हाय म्हणल्यावर घरला यायचं मनात धरत्याल," ती म्हणाली. "न्हाईतर लई खचल्यात ते."

आप्पा घरी आले नाहीत.

उन्हाळ्यात तिने खड्डा उघडला तेव्हा मला बोलावलं होतं. घास पिवळसर हिरवा निघाला, आंबूस गोड वासाचा. म्हशीने पाटीत तोंड घातलं ते वर काढेना. सून पदर तोंडाला लावून बघत उभी होती. मला तेव्हाही आप्पांचा रागच आला. हे बघायला तेवढं थांबायला काय झालं होतं त्यांना?