नऊ दिवसांत चार पायऱ्या

तिसरीच्या वर्गशिक्षिकेला अख्खी शाळा ‘लिंबूबाई’ म्हणायची. पाठीमागे, अर्थात, तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत बाईंचा चेहरा असा काही आवळून बसला होता, की आत्ताच कोणी तरी त्यांच्या दाताखाली लिंबाची फोड ठेवली असावी. मुख्याध्यापिकांचं, म्हणजे मोठ्या बाईंचं भाषण सुरू झालं की फोड मोठी व्हायची. परिपत्रक आलं की अख्खं लिंबू. फक्त वर्गाचं दार लोटून घेतलं की चेहरा सैल पडायचा, आणि मग आत चाळीस पोरं आणि एक बाई मिळून असा काही गलका करायची, की शेजारचे चौथीचे मास्तर भिंतीवर डस्टर आपटायचे.

यंदाच्या लिंबाचं कारण मोठं होतं. वर्षातून दोनदा मुलांचं वाचन आणि गणित मोजायचं. वाचनाच्या पायऱ्या ठरलेल्या: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा, गोष्ट; गणिताच्या अंकओळखीपासून भागाकारापर्यंत. एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. दोन्हींतला फरक म्हणजे प्रगती. त्या प्रगतीची रेघ ऑफिसातल्या तक्त्यावर काढायची. गेल्या वर्षी बाईंच्या पोरांना सुरुवातीलाच बरंच काही येत होतं, त्यामुळे रेघ जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी पसरली. कालव्यापलीकडच्या शाळेत पहिल्या चाचणीत निम्म्या वर्गाला अक्षरं येत नव्हती. त्यांची रेघ जिन्यासारखी चढली आणि प्रगतीची फिरती ढाल त्यांना गेली. मोठ्या बाईंना ते काही पचलं नाही.

म्हणून यंदा पहिली चाचणी शेवटच्या तासाला ठेवली, तीही धावण्याच्या शर्यती झाल्यावर, पोरं धापा टाकत असताना. माणशी तीन मिनिटं. आणि इतकं करूनही ज्यांना येईलच, त्यांना जरा हात राखून लिहायचं, असं मोठ्या बाईंनी दार लावून सांगितलं.

लिंबूबाईंनी घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. नवरा शिंपी. तोंडातल्या टाचण्या काढून तो म्हणाला, “माझ्याकडे असं माप लिहून बघ. गिऱ्हाईक तिथंच शर्ट घालतं आणि बटण उडून माझ्या डोळ्यात बसतं.” मग टाचण्या परत तोंडात. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

शाळेत मात्र विषय संपेना, कारण वर्गात एक मुलगी होती. गोदामाच्या राखणदाराची नात, आजोबांकडेच राहायची. दिसेल ते वाचायची तिला खोड होती. औषधाच्या बाटल्या, आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना, सगळं. चाचणीत तिने धापा टाकत दोन दमांत गोष्ट संपवली, तोंडी भागाकार केला, मग कागद उलटून शिक्षकांसाठीची सूचना मोठ्यानं वाचली, “मुलास पुरेसा वेळ द्यावा,” आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

अशा मुलीला हात राखून लिहायचं तरी कसं? बाई तीन दिवस अडून बसल्या. चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी आवाज मऊ केला. आकडाच तर आहे, पोरीला कुठे कळतंय, तुमच्या एकटीमुळे सगळ्या शाळेची रेघ झोपायची. बाईंचं डोकं दुखत होतं, कागद तुंबले होते. त्यांनी कॉम्प्युटरवर लिहिलं, वाचन: अक्षर. गणित: अंकओळख. मग नळावर जाऊन हात धुतले. तरी घाण वाटेना कमी, म्हणून परत धुतले.

आता कॉम्प्युटर काही मऊ आवाजाला भुलत नाही. ‘अक्षर’ दिसलं की तो मुलाला पुस्तकांच्या तासातून काढून जादा तासाला मुळाक्षरं गिरवायला बसवतो, आणि घरी परस्पर पत्र पाठवतो. हे पत्राचं बाईंना ठाऊकच नव्हतं. चाचणीनंतर नवव्या दिवशी आजोबा नातीला घेऊन ऑफिसात उभे राहिले, तेव्हा कळलं.

“मला वाचता येत नाही, बाई,” आजोबांनी पत्राची घडी उलगडली. “हिनंच वाचून दाखवलं. घडाघडा, कुठे अडली नाही. की माझ्या नातीला वाचता येत नाही. वाचून झालं आणि रडायला लागली. तेव्हापासून कशाला हात लावत नाही. म्हणते, मला येत नाही, छापून आलंय. आता मी कोणाचं खरं मानू, पत्राचं की पोरीचं?”

मोठ्या बाईंचा चेहरा मात्र उजळला. “म्हणजे वाचायला लागली? एवढ्यात? बघा, आमच्या जादा तासाचा गुण.”

अठ्ठावीस वर्षांत बाईंनी पुष्कळ काही गिळलं होतं, पण हे घशाखाली उतरेना. त्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. “ते पत्र माझ्यामुळे आलं. मी खोटं लिहिलं. तुला तेव्हाही सगळं येत होतं.”

“मग का लिहिलंत?”

उत्तर होतं, पण आठ वर्षांच्या मुलीसमोर उच्चारण्याजोगं नव्हतं. “चुकले मी,” त्या म्हणाल्या.

मुलीने विश्वास ठेवला असं नाही; विचार करते, असा चेहरा केला. पुस्तकांच्या तासाला ती त्याच दिवशी परत बसली. पण मोठ्यानं वाचायला तिला आणखी दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत लिंबूबाईंचा डबा रोज भरलेला घरी गेला.

खरा आकडा भरायला मात्र, आजोबा आले त्याच दिवशी, त्या हट्टानं स्वतः बसल्या होत्या. पहिला आकडा खोडता येत नाही, नवा तेवढा घालता येतो, असं कॉम्प्युटरनं सांगितलं. त्यांनी घातला. वाचन: गोष्ट. गणित: भागाकार. कॉम्प्युटरनं दोन्ही आकडे जोडून रेघ मारली ती तक्त्याच्या बाहेर गेली. नऊ दिवसांत चार पायऱ्या. वरच्या ऑफिसातून अभिनंदनाचं पत्र आलं, आणि सत्तर शिक्षकांपुढे ‘पद्धत’ सांगायला बाईंना सभागृहात बोलावलं. मोठ्या बाई नवी पर्स घेऊन पहिल्या रांगेत बसल्या.

माइकसमोर लिंबूबाईंच्या दाताखाली अख्ख्या बागेची लिंबं एकदम आली.

“पद्धत सोपी आहे,” त्या म्हणाल्या. “जिला वाचता येतं अशी मुलगी शोधायची. तिला वाचता येत नाही असं लिहायचं. तिला चार दिवस रडवायचं. मग खरं काय ते लिहायचं. झाली प्रगती.”

मोठ्या बाईंची पर्स खाली पडली. आता बोंब उठेल म्हणून बाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

“बाई, जरा सावकाश,” तिसऱ्या रांगेतून कोणी तरी म्हणालं. “लिहून घेतोय.”