शेजारची पेशी

ऑम्लेटसाठी अंडं फोडलं, कच्चा वास आला, की मला धारवाडची आमची उबट, कोंदट प्रयोगशाळा आठवते. तिथं मी आणि जवळच्या अळणावर गावची एक मैत्रीण एकाच बाकावर कोंबडीच्या गर्भात मज्जापेशी कशा घडतात ते बघायचो. मी अंडी हॅचरीतून आणायचे; ती आईच्या कोंबड्यांची, भाताच्या तुसात घालून, पॅसेंजरनं आणायची. एके दिवशी तिच्या स्लाइडवर मज्जापेशीची जनुकं चालू करणारं प्रथिन हिरवंगार चमकलं. माझ्या स्लाइडवर नुसता अंधार. सर खूश होऊन म्हणाले, "शाब्बास अक्का! ज्या पेशीत हे आधी वाढतं ती मज्जापेशी होते, आणि शेजारणीला होऊ देत नाही." "तुझ्यासारखीच," मी जळून तिला म्हटलं. ती रागावली नाही. उरलेली अंडी माझ्याकडे सरकवत म्हणाली, "थांबलेली पेशी वाया जात नाही गं, तिची पाळी मागनं येतीच की." त्याच अंड्यांवर पुढं माझी स्लाइड चमकली. हेवा तिथंच संपायला हवा होता. पण आज वर्गात हा भाग शिकवताना मी तिचं ते वाक्य सांगते, मुली खुलतात, आणि मी पुन्हा जळते: हे मला का सुचलं नाही?