शाल, नारळ आणि तिसरी फेरी

आमच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात माझ्याइतका वाईट सूत्रसंचालक झाला नाही, असं माझे शत्रू म्हणतात आणि मित्र नाकारत नाहीत. तरी दर दिवाळीला माइक माझ्याच हातात येतो, कारण बाकीच्यांना जेवणाच्या रांगेत पुढे उभं राहायचं असतं. सत्काराआधी पाहुण्यांचा परिचय करून देणं ही माझी खासियत. दाढा काढणाऱ्या एका सद्गृहस्थांना मी एकदा ‘टेक्सासचे धन्वंतरी’ करून टाकलं. त्यानंतर त्यांनी माझी दाढ जास्तच हळुवारपणे उपटली. परिचयात थोडं वाढवून सांगायचं असतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. ऐकणारा आपापलं वजा करून घेतो.

गेल्या दिवाळीला मी ही वजाबाकी न येणाऱ्या माणसांपुढे बोललो.

आमच्या शेजारचे म्हातारे व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरचे पायलट होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, “हा हुद्दा कॅप्टनच्या वर की खाली?” मी म्हटलं, “कितीतरी वर.” तेव्हापासून ते फोनवरही “काका स्पीकिंग” म्हणतात. त्यांची बायको गेली, मग नजर अधू झाली, मग लायसन्स गेलं. उरलं ते शनिवार सकाळचं पॅनकेकचं दुकान. तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्या युद्धातून परतलेले चार-सहा म्हातारे जमतात. त्या टेबलासाठी काका आठवडाभर जगायचे, शुक्रवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. त्यांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर टेबलाच्या कडेला एक खुर्ची. माझं नाव त्यांना उच्चारता येईना, म्हणून मी ‘सॉफ्टवेअर’ झालो.

काकांच्या शेजारी नेहमी एक लंगडणारा म्हातारा बसायचा. हा पायदळातला. काकांच्या प्लेटमधलं बेकन तो न विचारता उचलायचा, आणि काका त्यासाठीच जास्तीचं मागवायचे. उंच गवतातून जाताना त्याच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्यांनी दोन्ही बाजूंनी गोळीबार केला होता. काका दोनदा खाली उतरले, दोनदा जखमी भरून घेऊन गेले. दुसऱ्या फेरीत हा होता. त्याच्या जिवलग दोस्ताने त्याला आत ढकललं आणि म्हणाला, “तू हो पुढे, मी नंतरच्या फेरीला येतो.” तो दोस्त पुन्हा कुणाला दिसला नाही. गोष्ट इथवर आली की टेबलावरचं कुणीतरी म्हणायचं, “फ्युएल संपलं ना,” आणि दुसरं कुणीतरी घाईघाईने सिरप मागायचं. दर वेळी. मला वाटायचं, म्हातारी माणसं, गोडाची आवड असेल.

त्या वर्षी मंडळाची दिवाळी नेमकी माजी सैनिकांच्या सुट्टीच्या आठवड्यात आली. मी कमिटीत ठराव मांडला: काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि आख्खं टेबल पाहुणं.

बायको म्हणाली, “त्यांना विचारलंस का?”

“सरप्राइज आहे.”

“तुझी सरप्राइजं मला माहितीयेत,” ती म्हणाली.

म्हातारे टोप्या घालून आले. लंगड्याने चकली उलटसुलट बघितली. “सॉफ्टवेअर, ही स्प्रिंग कशाची?” मग नारळ बघून, “हा ग्रेनेड त्याच्या हातात देताय? जपून. लँडिंग कसं करतो ते मला विचारा.” काका लाजून हसत होते. खांद्यावर शाल, दोन्ही हातांत नारळ. इतके देखणे ते मला कधी दिसले नव्हते.

आणि मी माइक घेतला. पाहुण्यांसाठी खास इंग्रजीत. पहिल्या रांगेतून मुलीने खूण केली, “डॅड, कीप इट शॉर्ट.” मी कसला ऐकतो! आवाज चढवत चढवत शेवटी म्हणालो, “आणि शेवटचा जवान आत चढेपर्यंत या वीराने ते रणांगण सोडलं नाही!”

आख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. लंगडा तेवढा बसून होता.

टाळ्या ओसरल्यावर त्याने खालूनच विचारलं, “म्हणजे माझा दोस्त चढला होता?”

काकांचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त आत कुणी नव्हतं. फ्युएल संपलं, एवढं त्यांनी म्हटलं असतं तरी भागलं असतं. इतकी वर्षं त्या टेबलाने ते एक लहानसं खोटं सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं. मी त्याच्यावर माझं भलंमोठं खोटं आणून ठेवलं, तेही माइकवरून.

“फ्युएल होतं,” काका नारळाकडे बघत म्हणाले. “पुष्कळ होतं. मला परत जायची भीती वाटली.”

लंगडा उठला, टोपी नीट केली आणि दाराकडे निघाला. त्याच्या मागून बाकीचे. अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, “अहो, पुढचा आयटम घ्या.” मी घेतला. “आता पाहू या छोट्या दोस्तांचं कोळीनृत्य!” हे वाक्य मी म्हटलं. मीच म्हटलं.

शनिवारी काका नेहमीसारखे इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या गाडीपाशी उभे. दुकानासमोर गाडी लावल्यावर म्हणाले, “तू आत जाऊन ये. माझी खुर्ची आहे का बघ.”

खुर्ची होती. तिच्यावर लंगड्याची टोपी ठेवलेली होती.

“सॉफ्टवेअर, तो गाडीत आहे?” त्याने वर न बघता विचारलं.

“हो. तुम्ही जरा बाहेर येऊन—”

“गाडीत फ्युएल आहे?”

“आहे. टाकी फुल आहे.”

“मग घरी सोड त्याला.”

कुणी सिरप मागितलं नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो. टोपी काही हलली नाही.

मी गाडीत येऊन बसलो. “दुकान आज बंद आहे,” म्हणालो. दात काढणाऱ्याचा धन्वंतरी करणाऱ्या माणसाला त्या घडीला एवढंच सुचलं. काकांची नजर अधू आहे, नाक शाबूत आहे. माझ्या कपड्यांना बेकनचा वास येत होता.

“हो का,” ते म्हणाले, आणि चाचपडत सीट बेल्ट लावला.