बसायला येणाऱ्या आक्का

ज्या बाईंबद्दल लिहितोय त्यांना मी कधी विचारलं नाही, की तुमच्याविषयी लिहू का. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. माझं लिहिणं आजवर परीक्षेपुरतं. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घालावं.

त्या कुणाच्या घरात शिरल्या की आधी आजाऱ्याच्या तळपायांना हात लावायच्या. नमस्कारासाठी नव्हे, पाय गार पडलेत का ते बघायला. मग पायाशीच बसायच्या आणि घरच्यांना म्हणायच्या, "घाई कुणाला न्हाय." आमच्या गल्लीत त्यांना सगळे आक्का म्हणत, त्यांच्याहून थोरली माणसंसुद्धा. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं, की दोन-चार दिवसांत त्या घरचं कुणीतरी आक्कांच्या दारात जाई. माणूस शेवटाला आलंय असं कुणी म्हणत नसे. "जरा बसायला येताय काय?" एवढंच. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल, आठवून बघा.

गेल्या वर्षी थंडीत आमच्या आबांसाठी, म्हणजे माझ्या आजोबांसाठी, आई त्यांना बोलवायला गेली. आबांची हयात फौंड्रीत साचे भरण्यात गेली होती. आता यकृताचा कॅन्सर होता, आणि वडिलांची घरात सक्त ताकीद होती, की आबांना काही कळता कामा नये. वडील कारखान्यात लेथवर लोखंडी जॉब तासायचं काम करतात. रोज संध्याकाळी येऊन ते आबांना सांगत, "पाडव्याला तुम्हाला पन्हाळ्यावर न्हेतो." आबा म्हणत, "न्हे की."

आक्कांना हे शिकवलं कुणी, याचं मला फार कुतूहल. त्या एका दवाखान्यात आया होत्या, हे माहीत होतं. विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टर औषध देत्यात, नर्स सुई देत्यात. माझ्याकडं काय हुतं? मी बसायचो." (आमच्याकडं बायकाही "बसायचो"च म्हणतात.) श्वास कसा बदलेल, घशात खरखर कधी सुरू होईल, हे त्या आम्हाला आधीच सांगून ठेवत. खरखरीचा त्रास आजाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यालाच जास्त होतो, असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी त्यांनी आईला आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. आबांनी पहिल्याच दिवशी त्यांना "किती दिवस?" म्हणून विचारलं होतं, आणि वर शपथ घातली होती, की पोराला सांगू नका, ते मोडून पडंल. वडिलांनी घातलेली शपथ तर आधीपासून होतीच.

"बापाचं पोराला ठाऊक न्हाय, पोराचं बापाला ठाऊक न्हाय," आक्का म्हणाल्या. "दोघांचं वझं माझ्या डोक्यावर."

मी म्हणालो, मग सांगून टाका की. त्यांनी नकाराची मान हलवली. "ते माझं सांगायचं न्हाय. पर दोन-तीन दिवसांत आबांचं बोलणं थांबंल. मग कोण कुणाला सांगणार?"

सोमवारी वडिलांना सुट्टी होती. आक्का त्यांना म्हणाल्या, आबांची दाढी वाढलीय, कर जरा. वडील न्हाव्याला बोलवायला निघाले. "न्हावी कशाला? तुला हात हायत की," आक्कांनी अडवलं. ही त्यांची पद्धत होती. जो फार बोलतो किंवा अजिबात बोलत नाही, त्याच्या हाताला आजाऱ्याचं काम द्यायचं.

वडिलांनी आबांना उशीला टेकवून बसवलं, साबण लावला. मी आणि आक्का दाराबाहेर. बराच वेळ नुसता पात्याचा आवाज.

"हळू," आबा म्हणाले. "लेथवरचा जॉब न्हाय मी."

वडील हसले. मग सवयीनं म्हणाले, "पाडव्याला..." आणि थांबले.

"पाडवा न्हाय दिसत रं मला," आबा म्हणाले. अर्ध्या गालाला फेस तसाच होता.

वडिलांचा हात थांबला. "ठाऊक हाय, आबा."

"मग पन्हाळ्यावर कशाला न्हेतोस रोज?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"आणि मी तुला बरं वाटावं म्हणून येतो म्हणत हुतो."

पुढचं मला माहीत नाही. आक्कांनी दार ओढून घेतलं आणि मला दंडाला धरून बाजूला नेलं. एक दाढी व्हायला पाऊण तास लागला. वडील बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ते पोटभर जेवले.

दोन दिवसांनी आबांचं बोलणं थांबलं. कोडोलीहून भावकी आली, गंगेचं पाणी घेऊन. प्रत्येकाला चमचाभर पाजायचंच होतं. पहिल्याच चमच्याला आबांना ठसका लागला. आक्कांनी चमचा काढून घेतला आणि प्रत्येकाच्या हातात त्याच पाण्यात भिजवलेला कापूस दिला, ओठाला लावायला. आबांचे एक चुलतभाऊ तणतणले, की एवढ्या लांबून आलोय, पाणी पाजल्याशिवाय जाणार नाही. "पावणं, ओठाला लावली तरी गंगाच की ती," आक्का म्हणाल्या. चुलतभावांनी मुकाट्यानं कापूस लावला.

गुरुवारी सकाळी आबा गेले. आक्का म्हणाल्या, फोन करायची घाई न्हाय, जरा बसू. आम्ही सगळे बसलो. मला भीती वाटली नाही, याचं अजून नवल वाटतं.

नंतर वर्गात सर म्हणाले, की परदेशात मरणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना सोबत करणारी माणसं असतात, त्यांना डूला म्हणतात. मी धावत आक्कांना सांगायला गेलो. त्या शेंगा निवडत होत्या. "तिकडं शेजारी नसत्यात व्हय?" त्यांनी विचारलं. ते सरांना विचारायचं राहिलंच.

यंदा मी शिकायला पुण्यात आलो. पंधरा दिवसांपूर्वी आईचा फोन आला, की आक्काच अंथरुणाला खिळल्यात. पुतण्या जवळ आहे, पण त्या "किती दिवस?" विचारतात आणि तो रडत बाहेर जातो. वडिलांनी कामावर रजा टाकली होती. "ह्यांनी सांगितलं त्यांस्नी," आई म्हणाली. "आक्का, डॉक्टर आठवडाभर म्हणत्यात, असं म्हणाले. सरळ. मी ऐकतच राहिलो."

वडील मला स्वतःहून कधी फोन करत नाहीत. गेल्या शुक्रवारी तास संपून बाहेर आलो, तर त्यांचा फोन.

"आक्का गेल्या रं. दुपारी. मी हुतो जवळ."

काही बोलल्या का, मी विचारलं.

"दमलास, म्हणाल्या. जा, च्या पिऊन ये, म्हणाल्या. मी न्हाय उठलो."