दगडाबाईची निळी बादली

उस्मानपुऱ्यातल्या दगडाबाईचा भरवसा फक्त दोन गोष्टींवर होता, स्वतःच्या नाकावर आणि स्वतःच्या डोळ्यांवर. त्यातही डोळ्यांवर जरा कमीच, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन करणारा डॉक्टर तिच्याशी फार गोड बोलला होता. एवढं गोड माणूस काही लपवायचं असल्याशिवाय बोलत नाही, असं तिचं म्हणणं.

सकाळी दूधवाला दारात आला की त्याच्या कॅनचं झाकण उघडायच्या आत बाई विचारायची, "आज पातळ कामून?"

"काकू, अजून बघितलंच नाय तुमी."

"बघायला कशाला पायजे? तुझं तोंडच पातळ दिसायलंय."

तिच्या खानावळीत चाळीसेक पोरं जेवायची, सगळी परीक्षेची तयारी करणारी. एखादा नवा पोरगा चुकून म्हणाला, "काकू, आमटीला मीठ कमी आहे," तर बाई पळी तशीच वर धरून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. "कोण शिकवून धाडलं तुला? कोपऱ्यावरच्या मेसवाल्यानं ना?" जुनी पोरं ताटात तोंड घालून हसायची आणि भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसरची आमटी अळणीच ओरपायची.

हा स्वभाव तिनं माहेराहून, सोयगावहून आणला होता. तिचे वडील कापूस घेऊन बाजारात जायचे तेव्हा आठ वर्षांच्या दगडीला काट्यापाशी उभं करायचे. सांगायचे, "मापाड्याच्या तोंडाकडं नको बघू, बोटाकडं बघ." तेव्हापासून ती लोकांच्या बोटांकडंच बघत आली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, बद्रीनाथरावांबरोबर, ती शहरात आली. पुढं त्यांची कंपनी बंद पडली. बद्रीनाथराव देवापुढं बसले आणि बाई शेगडीपुढं. वीस वर्षं झाली, दोघंही आपापल्या जागेवरून उठले नव्हते.

अशा बाईच्या दारात महापालिकेचा नियम आला.

नियम घेऊन आला तो वॉर्डाचा स्वच्छता निरीक्षक, अभय नावाचा तरुण माणूस. बोलायला लागला की वाटायचं, कुणीतरी आतून कागद पुढं सरकवतंय आणि हा वाचतोय. "काकू, सदर आस्थापनेनं कचऱ्याचं वर्गीकरण उगमस्थानीच करणं बंधनकारक आहे."

"उगम म्हंजे?"

"म्हणजे जिथं कचरा होतो तिथं."

"मंग इथं म्हणा ना. उगम कशाला, गंगा हाय का ही?"

अभयनं घाम पुसला आणि माणसासारखं सांगितलं. ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत. घराला एक वेळ समजावून सांगतात, पण खानावळ म्हणजे धंदा. सुक्यात ओलं सापडलं तर पहिल्यांदा तोंडी समज, दुसऱ्यांदा लेखी नोटीस, तिसऱ्यांदा आठ दिवस शटर बंद.

बाईनं बादल्या आणल्या आणि घरात जाहीर केलं, "हिरवीत उष्टं-खरकटं जाईल. निळीला कुणी खरकटा हात लावायचा नाय. ती स्वच्छ बादली हाय." निळीत तेलाच्या रिकाम्या पिशव्या, पुठ्ठे, मसाल्याची पाकिटं. रोज सकाळी ती स्वतः दोन्ही बादल्या तपासून दारात ठेवायची. तरी महिन्याभरात निळीत दोनदा ओलं सापडलं.

पहिल्यांदा अभयनं फोनवर फोटो दाखवला. पुठ्ठ्यांवर वर्तमानपत्राचं एक भिजलेलं पुडकं, त्यातून पिवळट पाणी गळतंय. पुडकं उघडून कुणी बघितलं नव्हतं, गाडीत पडलं ते पडलं. दुसऱ्यांदा तसाच फोटो, आणि शटरवर नोटीस. समोरचा चहावाला गोकुळ गिऱ्हाईक सोडून ती वाचायला आला. मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"वाचून झालं का बाबा?" बाई म्हणाली. "का पाठ करायलाय?"

तिचा पहिला संशय गोकुळवरच होता. पिवळट पाणी म्हणजे चहाचा चोथा. पण गोकुळच्या चहाला आल्याचा वास असायचा आणि बाईनं निळ्या बादलीत डोकं घालून हुंगलं तर आल्याचा वास नव्हता. आंबूस वास होता, दह्यासारखा. खानावळीत दही फक्त रविवारी असायचं, आणि दोन्ही वेळा रविवार नव्हता. म्हणजे बाहेरचं माणूस. बाहेरचं कोण बादलीला हात लावतं? रोज सकाळी एकच हात.

तो हात करुणाचा होता.

करुणा कचरा गाडीवर होती, ठेकेदाराकडं, तीन वर्षांपासून. भोंग्यातला रेकॉर्ड केलेला आवाज ठणकावत असायचा, "नागरिकांनो, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा!" आणि करुणा त्याच्या वरच्या पट्टीत ओरडायची, "चला मावशी, चला काकू, जल्दी! गाडी थांबत नसती!" दारावर चिकटवलेला क्यूआर कोड फोनवर मारायचा, बादली ओतायची, मिसळलेला कचरा दिसला तर आधी फोटो काढायचा, हे तिचं काम. दोन्ही फोटो तिनंच काढले होते.

आणि तिनं कामून करावं, याचंही उत्तर बाईजवळ तयार होतं. उन्हाळ्यात करुणानं एकदा पाणी मागितलं होतं. बाईनं कागदी ग्लासात दिलं. आत स्टीलचे चाळीस पेले पालथे घातलेले करुणाला दिसत होते. ती पाणी प्यायली, ग्लास चुरगळून गाडीत टाकला आणि पुढच्या घराला हाक मारली. तेवढंच. पण तो चुरगळण्याचा आवाज बाईच्या लक्षात राहिला होता. स्वतःशी ती म्हणायची, गिऱ्हाइकांचे पेले असतात ते, त्यात काय एवढं. आणि तरी तिला वाटायचं, तव्हापासून हिनं डूख धरलाय.

मग बाईनं अभयला गाठलंच. "साहेब, गाडीवाली बाईच माझ्या बादलीत घाण टाकती, आन फोटो काढती."

"काकू, हा गंभीर आरोप आहे."

"गंभीरच करायलेय मी."

अभयनं जरा विचार केला. "ठीक आहे. उद्या मी गाडीबरोबर येतो. ती बादलीला हात लावायच्या आधी मी झाकण उघडतो. ओलं निघालं तर चूक तुमची, शटर बंद. आणि काहीच निघालं नाही, तर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे असं मी वर कळवतो. ठेकेदार तिला ठेवणार नाही."

संध्याकाळी करुणा खानावळीच्या दारात आली. गाडीवरचं जॅकेट काढलेलं, साध्या साडीत. बाईला ती आधी ओळखूच आली नाही.

"मावशी, सायबानं सांगितलं मला. तुमी नाव घेतलं माझं."

"जे दिसलं ते सांगितलं."

"काय दिसलं? मी टाकताना दिसले?"

बाईनं नजर निळ्या बादलीकडं वळवली.

"नाय ना? मंग अंदाजपंचे बोलायल्या तुमी. मावशी, घरात कमावणारी मी एकटी. गाडी गेली तर परत कचरा वेचायला जाऊ का, डोक्यावर पोतं घेऊन? तीन साल झाले, एक तक्रार नाय माझी."

"उद्या कळंल ना," बाई म्हणाली.

"कळंल की. पण ओलं निघालं तर शटर तुमचं, नाय निघालं तर पोट माझं, ते तुमीच बघा." करुणा वळली आणि निघून गेली. बाईनं तिच्या बोटांकडं बघितलं होतं. बोटं पदराला घट्ट धरून होती. त्यावरून काहीच कळेना, आणि त्याचाच बाईला राग आला.

सकाळी साडेपाचला बाईनं दोन्ही बादल्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या. एकेक पाकीट उलटून, झटकून. निळी कोरडी ठणठणीत. दारात ठेवली, झाकण लावलं आणि स्वतः खिडकीच्या पडद्याआड स्टुलावर बसली. गोकुळनं शेगडी पेटवली आणि रस्त्यापलीकडून विचारलं, "काकू, आज पहारा का?"

"तू तुझा चहा बघ, उतू चाललाय."

सात वाजायला आले. आतून घंटी वाजली, आरती संपली. थोड्या वेळानं बद्रीनाथराव ओल्या पंच्यात बाहेर आले. ओठ स्तोत्रात हलत होते, हातात वर्तमानपत्राचं पुडकं. ते निळ्या बादलीपाशी थांबले, दोन बोटांनी झाकण उचललं, पुडकं अगदी हळुवार आत ठेवलं, झाकण लावलं आणि बादलीला नमस्कार केला.

बाईचं स्टूल पडलं. "अहो! काय टाकलं त्यात?"

"निर्माल्य," बद्रीनाथराव म्हणाले. "चतुर्थी आहे ना आज. पंचामृत होतं."

"निर्माल्य? सुक्यात?"

"मग काय खरकट्यात टाकू देवाची फुलं? आधी विहिरीवर नेत होतो, आता गुडघा वर उचलत नाही. तूच सांगितलंस, हिरवी उष्ट्याची, निळी स्वच्छ. रोजचं एखादं फूल असतं, चतुर्थी-एकादशीला जास्त."

बाईनं दारात येऊन बादलीतच पुडकं उघडलं. भिजलेला झेंडू, तुळस, दह्यात लडबडलेलं केळं. तोच वास. दोन्ही फोटोंचे दिवस तिनं कॅलेंडरवर शोधले. एक चतुर्थी, एक एकादशी.

"बरं झालं दिसलं," बद्रीनाथराव म्हणाले. "काढून घे की. बादली कोरडी होईल. साहेब येऊन बघतील, काही नाही म्हणतील, शटर वाचलं."

बाईनं पुडकं उचललंही. आणि तशीच उभी राहिली. बादली कोरडी निघाली की साहेब काय म्हणणार, हे तिला पाठ होतं. साहेब समोर होता म्हणून आज गाडीवालीला टाकता आलं नाही. करुणा गेली. आणि पुडकं आत ठेवलं तर आठ दिवस शटर. परीक्षेचे दिवस. चाळीस पोरं कोपऱ्यावरच्या मेसमध्ये जातील, आणि पोरं एकदा दुसऱ्या ताटाला बसली की तिथलीच होतात. वीस वर्षांत तिनं कुणावरही संशय घेतला तरी तिचं काही गेलं नव्हतं. फुकटचं काम होतं ते.

गल्लीच्या टोकाला भोंगा वाजला. "नागरिकांनो..."

"काढ लवकर," बद्रीनाथराव कुजबुजले.

"तुमी आत जा," बाई म्हणाली. "अन् अंगावर सदरा घाला, लोक यायलेत."

गाडी थांबली. करुणा पायरीवरून उतरली, पण बादलीपासून चार हात लांब उभी राहिली, दोन्ही हात मागं बांधून. अभयची मोटारसायकल मागोमाग आली. गोकुळ चहाचं पातेलं सोडून आला. दोन-तीन पोरं डबे घेऊन आली होती, तीही थांबली.

"काकू, बाजूला व्हा, मी उघडतो," अभय म्हणाला.

"उघडायला काय राहिलं? हे बघा." बाईनं पुडकं पुढं धरलं. पिवळं पाणी तिच्या मनगटावरून गळत होतं. "आमच्या घरातलं हाय. देवाचं निर्माल्य. आमच्या ह्यांनी टाकलं, आत्ता माझ्या डोळ्यांपुढं. मागच्या दोन टायमालाही तेच. हिनं काय टाकलं नाय."

गोकुळनं तोंड उघडलं आणि बाईनं बघितल्यावर मिटलं.

अभय पुन्हा कागदावर गेला. "म्हणजे सदर प्रकार आस्थापनेकडूनच घडला, असं आपलं म्हणणं आहे?"

"व्हय. आमचंच म्हणणं."

"मग तिसरी नोटीस द्यावी लागेल काकू. आठ दिवस."

"द्या. पण तिच्या नावाचं काय वर गेलं नाय पायजे."

आता सगळ्यांना वाटलं, करुणा हसेल, निदान एक सुस्कारा तरी सोडेल. करुणानं डोळे बारीक केले. "कामून मावशी? काल तर माझ्यावर घालायल्या होत्या. आज एकदम?"

"कामून म्हंजे? दिसलं म्हणून."

"ह्यात डाव काय है? साहेब गेले की उद्या म्हणाल, करुणानं मला भीती घातली, म्हणून बोलले. मेरेकू माहीत है."

"अगं, डाव कसला? आठ दिवस शटर माझं बंद होणार!"

"तेच तर. कोण करतं असं?" करुणानं पुडक्याकडं मान केली. "अन् निर्माल्य होतं तर मागितलं असतं. गाडीला मागून वेगळी पिशवी टांगलेली असती त्याच्यासाठी, फुलं खरकट्यात जात नसतात. विचारलंच नाय कधी तुमी. झाकणावर नजर ठेवत बसल्या." तिनं पुडकं घेतलं, गाडीमागच्या भगव्या पिशवीत ठेवलं, केळं काढून ओल्यात टाकलं आणि हात पुसले. "असं तोंडी नको. लिहून द्या."

"साहेब ऐकायलेत ना?"

"साहेब बदलून जातात. लिहून द्या."

अभयनं वहीतलं पान फाडलं. बाईनं शटरला टेकवून लिहिलं. तिसरी यत्ता शिकलेली, अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या. निर्माल्य आमच्या घरातून पडलं, करुणा यांचा दोष नाही, असं लिहून खाली सही केली. करुणानं पान घेतलं आणि ओठ हलवत वाचलं. मग उजेडाकडं धरून पुन्हा वाचलं. गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, तिनं त्याला हातानंच थांबवलं.

"तारीख नाय टाकली."

बाईनं तारीख टाकली.

"वेळ टाका. सात वाजून दहा मिनटं. साहेबांच्या समोर, असं बी लिहा."

पोरं तोंड फिरवून हसली. बाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही, कारण करुणाच्या जागी ती असती तर तिनंही वेळ लिहून घेतली असती आणि वर साक्षीदार मागितला असता.

"गोकुळ," तिनं हाक मारली, "इकडं ये. इथं खाली सही कर. आन वाचून कर, नाहीतर उद्या म्हणशील, मी बघितलं नाय."