तिसऱ्या दिवसाचा चहा

आमच्या घरात खोटं बोलायला बंदी होती. खोटं पकडलं गेलं की दादा, म्हणजे माझे वडील, मारत नसत. समोर बसवून शास्त्रातला एक अध्याय मोठ्यानं वाचायला लावत, आणि तोही नेमका वंशावळीचा, अमक्याला तमका झाला नि तमक्याला अमका झाला. त्यापेक्षा पाठीत दोन धपाटे परवडले असते. पण नावडे गावातल्या खोलीत राहायला गेलो त्या दिवशी याच माणसानं मला समोर बसवून सांगितलं, "कुणी विचारलं आपण कोण, तर म्हणायचं नगरकडचे. त्याच्यापुढं तोंड उघडायचं नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"नगरकडचे नाही का आपण?"

मी पाचवीत होते, तोंडाळ होते, पण तेवढ्यापुरती मान डोलावली.

दादांचंही चुकत नव्हतं म्हणा. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांना नोकरी लागली तेव्हा तिथं चाळी नव्हत्या की कॉलनी नव्हती. आजूबाजूच्या गावांत खोली बघायची, नाहीतर रोज कुठून कुठून तास-दीड तास धक्के खात यायचं. पहिली खोली मिळाली त्या गावात आईनं भिंतीवर आमचा लाकडी क्रूस लावला. दोन महिन्यांनी मालकाचं लक्ष गेलं. "ख्रिस्ती का तुम्ही? आणि आधीचे कोण?" हा दुसरा प्रश्न आम्हाला जन्मभर पुरलाय. दादांनी उत्तर दिलं नाही, आणि मालकाला तेच उत्तर पुरलं. आठ दिवसांत खोली खाली करा. पाटा-वरवंटा डोक्यावर घेऊन आई रस्त्यानं चालत होती आणि ओळखीच्या बायका दारातून बघत होत्या, ते मी अजून विसरलेली नाही. कुणी एक शब्द बोललं नाही हो!

म्हणून नावड्याला क्रूस टॉवेलात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी गेला. अंगणात जायचं झालं की आई टिकली लावायची. रविवारी आवरून निघालो की मालकीण हटकून विचारायची, "कंय निघालाव?" आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, त्यामुळे दादा ताठ मानेनं सांगायचे, "देवळात." मालकीण खूश. म्हणायची, "सगले भाडोत्री असंच पायजे, देवाधर्माचं."

या मालकिणीला मी आजी म्हणायचे, आई मावशी म्हणायची. आगरी बाई, पन्नाशीची, काळीभोर, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कोंबडी घरी यावी. शेत सरकारनं घेतलं, उरलेल्या जागेत तिच्या घरच्यांनी चार खोल्या बांधल्या, त्यातली एक आमची. आईच्या बाजरीच्या भाकरीवर तिचा फार राग. "भाकरी हाय का तवा?" म्हणायची, आणि स्वतः चुलीपुढं बसून आईला तांदळाची भाकरी थापायला शिकवायची. दिवसभर बोलायची, फक्त एका गोष्टीवर बोलायची नाही. तिचा थोरला मुलगा आदल्या पावसाळ्यात खाडीत होडी उलटून गेला होता. त्याचा विषय निघाला की ती उठून वालाच्या शेंगा निवडायला बसायची. आईला तिचं वाईट वाटायचं, आणि तिच्यापासून आपण चोरून राहतो याचं त्याहून जास्त.

आला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. पनवेलच्या देवळात जायचं तर त्या दिवशी एसटीचा भरवसा नव्हता. दादांच्या कंपनीत आमच्यासारखीच आणखी दोन जोडपी होती. ठरलं, की बारा ते तीनची उपासना आमच्या खोलीतच करायची, दार लोटून, हळू आवाजात. आमच्याकडे अशी रीत, की प्रभू येशूनं वधस्तंभावरून जी सात वचनं उच्चारली, ती सात जणांना वाटून द्यायची. ज्याला जे येईल त्यावर त्यानं मनन सांगायचं. माणसं सहा, वचनं सात. दादांनी पहिलं आणि शेवटचं स्वतःकडे ठेवलं. मला पाचवं हवं होतं, तहानेचं. ते सगळ्यांत लहान. दादा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आईला तिसरं आलं, ज्यात तो मरता मरता आपल्या आईला आपल्या मित्राच्या हाती सोपवतो. आई चारचौघांत बोलायला जाम घाबरायची. आठ दिवस ती भांडी घासताना पुटपुटत होती, आणि रोज शेवटी म्हणायची, "मला नाही बाई जमायचं."

सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत आली. सकाळपासून चूल पेटलेली नाही, कुणाच्या पोटात पाणी नाही. आईनं टिकली सकाळीच काढून आरशाला चिकटवली होती. "आजच्या दिवशी नको," एवढंच म्हणाली. क्रूस ट्रंकेतून काढून स्टुलावर ठेवला.

दादांचं पहिलं मनन चालू असताना मी मागच्या मोरीकडे गेले. परत येताना आजीनं मला गाठलं. ती ओट्यावर बसून सगळं बघत होती. पांढऱ्या साड्या, मान खाली घालून आत गेलेली माणसं, बंद चूल, आणि सकाळी पाण्याला आलेल्या आईचं मोकळं कपाळ.

"पोरी, कोन गेला गो तुमचा?"

खरं सांगायचं तर सरळ होतं. पण माझ्या डोळ्यापुढं तो पाटा-वरवंटा आला. मी म्हणाले, "आमच्यातले एक. लांबचे."

येशूला पकडून नेल्यावर, कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणाऱ्या शिष्याची गोष्ट मला पाठ होती. आजीचा कोंबडा तर समोरच उकिरडा उकरत होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. वेळीअवेळी कोकलणारं ते कार्टं त्या दिवशी आरवलं नाही. आरवलं असतं तर मी तिथंच रडून मोकळी झाले असते.

आत जाऊन बसले. दुसरं मनन संपलं. आईची पाळी आली. आई उभी राहिली, पदर सावरला, तोंड उघडलं आणि दार वाजलं. वाजलं कसलं, उघडलंच. आजी आत आली, मागं तिच्या दोघी जावा. डोक्यावर टोपली, टोपलीत तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं कालवण. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी घास न्यायचा, ही रीत आमच्या नगरकडेही आहे. दादांनी चटकन पुढं होऊन स्टुलावर टॉवेल टाकला. एरवी सावकाश चालणारा माणूस, त्या दिवशी काय चपळाई!

आजीनं कुणाकडे बघितलं नाही. आईला खाली बसवलं, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मयताला आलेली बाई विचारते तसं विचारायला लागली.

"कवरा व्हता?"

आईनं दादांकडे बघितलं. दादा मान हलवून नको नको म्हणत होते. आई म्हणाली, "तेहतीस वर्षांचा."

"अरे देवा! कसा गेला?"

"मारला त्याला, मावशी. काही गुन्हा नसताना. आधी चाबकानं फोडला, मग त्याच्याच खांद्यावर लाकूड दिलं वाहायला. गावानं बघितलं. त्याच्याबरोबर जेवणारे होते, तेसुद्धा पळून गेले."

"आई हाय त्याची?"

"आहे. समोर उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत गेला."

आजीच्या जावांनी पदर तोंडाला लावला. आजीचे डोळे कोरडेच होते. तिनं विचारलं, "जाताना काय बोलला का आईला?"

हेच आईचं तिसरं वचन. आठ दिवस भांड्यांशी पुटपुटलेलं सगळं मनन आई विसरली असणार. ती एवढंच म्हणाली, "बोलला. हातापायात खिळे होते, श्वास पुरत नव्हता. तरी आईकडे बघितलं. शेजारी त्याचा मित्र होता, त्याला म्हणाला, ही आता तुझी आई. आणि आईला म्हणाला, हा तुझा मुलगा."

आजीनं आईचा हात थोपटला. मग म्हणाली, "बरा केला त्यान. आईची सोय लावून गेला." आणि थोड्या वेळानं, "आमचा गेला तो काय नाय बोलला. सकाली च्या पिऊन गेला, तो गेलाच."

मग ती रडली. वर्षभरात तिला कुणी रडताना बघितलं नव्हतं, असं तिच्या जावेनंच नंतर सांगितलं. आईनं तिला धरलं आणि दोघी हमसून हमसून रडल्या. पाहुण्या बायकाही रडायला लागल्या. मी पुढं आयुष्यभर उत्तम शुक्रवारच्या उपासना ऐकल्या, मोठमोठ्या देवळांत, माइक लावून. नामांकित उपदेशकांनी मूळ भाषेतले अर्थ फोडून सांगितले. पण त्या वधस्तंभाखाली एक खरी आई उभी होती, हे मला कळलं ते नावड्याच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत.

डोळे पुसून आजीनं शेवटचं विचारलं, "तुमचा कोन लागत व्हता?"

माझं उत्तर तयारच होतं, लांबचे. आईनंही तेवढंच म्हटलं असतं तर आमची खोली वाचत होती.

"जवळचा, मावशी," आई म्हणाली. "सगळ्यांत जवळचा. प्रभू येशू. आम्ही ख्रिस्ती आहोत. जाऊन लई वर्षं झाली त्याला, पण आज त्याचा दिवस. तुमच्यापासून लपवलं, माफ करा." आणि उठून तिनं स्टुलावरचा टॉवेल काढला.

आजीनं क्रूसाकडे बघितलं. आईच्या कपाळाकडे बघितलं. उठली आणि निघून गेली. जावा मागोमाग गेल्या. टोपली तेवढी तिथंच राहिली.

उपासना कशीबशी तीनपर्यंत नेली. उपास त्याच भाकऱ्यांनी सोडला, कारण घरात दुसरं काही नव्हतं. दादा आईवर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "आता परत पाटा-वरवंटा." मी कोपऱ्यात जाऊन आईला माझं खोटं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मीपण वर्षभर टिकली लावून तेच करत होते की गं."

शनिवारी आजीचं दार बंद. एरवी सकाळपासून अंगण डोक्यावर घेणारी बाई, तिचा आवाज नाही. आई टोपली घासून-पुसून परत करायला गेली, तर सुनेनं दारातूनच घेतली. दुपारी दादांनी ट्रंक ओढून काढली आणि भांडी बांधायला सुरुवात केली. नोकरी सांभाळून पुन्हा खोली कुठं शोधायची याची त्यांना काळजी, आणि मला शाळेची. येशू कबरेत होता तो दिवस शास्त्रात जवळजवळ कोराच आहे. का कोरा आहे, ते मला त्या शनिवारी समजलं. नुसतं बसून राहायचं असतं.

रविवारी उजाडता उजाडता पहिल्या एसटीनं आम्ही पनवेलच्या देवळात गेलो. पुनरुत्थानाचा सण होता. गाणी झाली, गळाभेटी झाल्या, "प्रभू उठला आहे" म्हणून झालं. दादा म्हणत होते, पण त्यांचं तोंड शनिवारचंच होतं.

दहाच्या सुमाराला परत आलो, तर आमच्या कुलूप लावलेल्या दारात, पायरीवर, आजी बसलेली. मांडीशी किटली, वर फडकं. आम्हाला बघून ती ताडकन उठली आणि जो तोंडाचा पट्टा सुटला!

"कंय गेल्ताव? सकालपासून बसलंय मी! कुलूप बगला, खिरकीतून बगला, भांडी बांधलेली. मना वाटला तुमी गेलाव! असा न सांगता जातात माणसा?"

"आम्ही देवळात..." दादा चाचरले.

"मग सांगून जावा ना! आज तिसरा हाय. तिसऱ्याला शेजारनीन च्या द्यायचा असतो. मी कोनाला देऊ, कुलपाला?"

शुक्रवारी कोण मेलं, कधी मेलं, सगळं ऐकूनसुद्धा ही बाई तिसऱ्या दिवसाचा चहा घेऊन आली होती. तिच्या लेखी मयत ते मयत. आईनं कुलूप काढलं, कप काढले. चहा गार झाला होता, तो तिनं पुन्हा गरम केला. आजी आमच्या खोलीत भिंतीला टेकून बसली, आणि बांधलेल्या भांड्यांकडे बघून दादांना म्हणाली, "ती पयली सोडा."

त्या खोलीत आम्ही पुढं नऊ वर्षं राहिलो. क्रूस पुन्हा कधी ट्रंकेत गेला नाही.

पण त्या सकाळचं अजून एक राहिलंय. चहा पिताना आई म्हणाली, "मावशी, तिसरा दिवस आमच्यात आनंदाचा. तो आज उठला, जिवंत झाला. बायका पहाटे कबरेवर गेल्या, तर आत कुणी नाही."

आजी कप खाली ठेवून आईकडे बघत राहिली. थट्टा करेल असं मला वाटलं. पण तिनं विचारलं, "मग त्याचे आईला सांगितला का कोनी?"

दादांना शास्त्र तोंडपाठ. मीही नंतर बायबलातली चारही शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा चाळली आहेत. तो बागेत भेटला, वाटेत भेटला, बंद खोलीत भेटला, तळ्याकाठी भेटला. आईला भेटला, असं कुठंही लिहिलेलं नाही.

आई म्हणाली, "हो, मावशी. सगळ्यांत आधी तिलाच भेटला."

मी दादांकडे बघितलं. आता आईला वंशावळ वाचावी लागणार! दादांनी मान खाली घातली आणि आजीच्या कपात आणखी चहा ओतला.

"मग बरा झाला," आजी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून चहा प्यायली.